दोन गाठींचा डबा

१

“रंगावर विश्वास ठेवू नकोस, पोरी. रंग ज्याच्या हातात ब्रश त्याच्या बाजूने बोलतो. गंज मात्र जिथे जखम झाली तिथेच बसतो.”

बाबांनी हे सांगितलं तेव्हा ताई दहा वर्षांची होती. पालथ्या खोक्यावर उभी राहून ती एका बॉनेटवरचे पोपडे पट्टीने खरवडत होती, आणि बाबा मागून तिचं मनगट सरळ करत होते. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण पट्टी लोखंडाला टेकली की आधी तो आवाज उठायचा आणि मग रंग.

शेड जुने ट्रॅक्टर पुन्हा देखणे करणाऱ्यांची. इंजिन काका बघायचे, बाबांचे भाऊ. स्प्रे गनने शेवटचा रंग धाकटा द्यायचा, ताईचा भाऊ. आणि या दोघांच्या मधलं, कोणालाच नको असलेलं काम ताईचं: जुना रंग उतरवणं, गंज काढणं, लोखंडाला त्याच्या जन्मीच्या कातडीपर्यंत नेणं.

शेडचे दोन कायदे होते, बाबांनी घातलेले. पहिला: उघड्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. हाताचा घाम लोखंडाला डसतो, वरून कितीही रंग द्या, आतून बोटांचे ठसे गंजत राहतात. दुसरा: प्रायमरच्या डब्याच्या कडीला दोरा बांधायचा. लाल प्रायमर जाड ओतीव लोखंडासाठी, त्याला एक गाठ. हिरवा पातळ पत्र्यासाठी, त्याला दोन. “डब्यावरची चिठ्ठी रंगाने माखते, गाठ माखत नाही,” बाबा म्हणायचे. दोरे घरी आई वळून द्यायची. अजूनही देते.

त्या आठवड्यात एका हौशी गिऱ्हाइकाचा निळा ट्रॅक्टर आला होता. ताईने रंग सोडवणारं जेल फासलं, निळा रंग म्हाताऱ्याच्या कातडीसारखा सुरकुतला, तिने तो अलगद ओढला. डाव्या मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात पट्टी अडखळली. तिने चिंधीने पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

पत्र्यात तीन टिंबं होती. पंचने ठोकलेली, त्रिकोणात, एक जरा तिरकं.

ती तिची खूण होती. स्वतःच्या हाताने साफ केलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर ती ठोकायची, कोणाला दिसणार नाही अशा जागी. आणि पंच घसरून एक टिंब तिरकं गेलेली ही खूण तिने ठोकली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो ट्रॅक्टर याच शेडमधून चोरीला गेला होता, आणि ज्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं तो त्या चोरीपायी तुरुंगात गेला होता.

२

त्याला सगळे फिटर म्हणायचे. बोल्ट आवळताना तो गुणगुणायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की पानाच नाचतोय.

लोखंडाला लागे पाणी, गंज येतो वरवर
माणसाला लागे बोल, तो गं झिजे खोलवर

चोरी झाली तो सुट्टीचा दिवस होता. ट्रॅक्टर तेव्हा पुरता सोललेला, उघडा, अंगावर रंगाचा एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला कुलूप जसंच्या तसं आणि आतली जागा रिकामी. किल्ल्या दोनच. एक बाबांकडे, एक फिटरकडे. बाबा तर मालक. स्वतःच्या घरात कोण दरोडा घालतं? फिटर म्हणाला, मी खोलीत झोपलो होतो. झोपेला साक्षीदार नसतो.

तक्रार देण्यात चार दिवस गेले. मग पोलीस साहेबांनी ताईला विचारलं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “खरं असेल तेवढंच सांग, पोरी.” तिने खरं तेवढंच सांगितलं: हो, दुसरी किल्ली फिटरकडेच होती. त्या एका खऱ्या वाक्यावर फिटर चौदा महिने आत गेला. बाबांनी गिऱ्हाइकाला भरपाई म्हणून आपला स्वतःचा ट्रॅक्टर देऊन टाकला. लोक म्हणाले, मिस्त्री म्हणजे देवमाणूस. ताईचं लग्न मग कुठेच झालं नाही. कोणी म्हणालं, हातांना ॲसिडचा वास येतो. कोणी काहीच म्हणालं नाही.

आता ती त्या मडगार्डपुढे बसली होती, आणि तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. बावीस वर्षांपूर्वी आपण चोराविरुद्ध साक्ष दिली, की निरपराध माणसाविरुद्ध?

तिने निळ्या ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाला फोन केला. ट्रॅक्टर कुठे मिळाला? तो खुशीत म्हणाला, दोन तासांवर एक वीटभट्टी आहे, कधीची बंद पडलेली, तिच्या गोदामात.

काका इंजिनात कोपरापर्यंत बुडालेले होते.

“काका, ती जुनी वीटभट्टी कोणाकोणाला ठाऊक होती?”

“आपल्या सगळ्यांनाच की. भंगार तिथेच टाकायचो आपण. मी, तुझा बाप, धाकटा, तो फिटर.” काकांनी हात पुसले. “का गं? कोणाचं भूत भेटलं?”

“असंच.”

“असंच कोणी विचारत नाही. तू तर नाहीच. तुला जन्मल्यापासून खाजवून खपली काढायची सवय.”

संध्याकाळी धाकटा भेटला. त्याने मडगार्ड पाहिलं, टिंबं पाहिली, आणि सरळ बसलाच खाली.

“ताई, ठोकून दे यावर रंग. कोणाला सांगू नको.”

“का? तुला कशाची भीती?”

“मला कशाला? पण लोक म्हणतील चोरीचा माल आपल्याच शेडमध्ये. काकांना विचारलंस? सोललेला ट्रॅक्टर न्यायला ट्रेलर लागतो, आणि तो त्यांच्याशिवाय कोणाला जोडता येत नव्हता तेव्हा.”

“बाबांना येत होता.”

“बाबांचं काय मध्येच,” धाकटा म्हणाला. “गेलेल्या माणसाला तरी सोड.”

तिचं लक्ष बॉनेटकडे गेलं होतं. निळ्याखालचा थर उघडा पडला होता, आणि त्यात काहीतरी असं होतं जे छत्तीस वर्षांच्या खरवडण्यात तिने कधीच पाहिलं नव्हतं.

३

निळ्या रंगाखाली प्रायमर होता, ब्रशने मारलेला. इथवर ठीक. पण बॉनेटच्या मध्यावर लाल प्रायमर संपून हिरवा सुरू होत होता. तोही कडेशी, सांध्याशी नव्हे, चालू फटकाऱ्यात. ब्रशची एकच लांब ओढ, अर्धी लाल, अर्धी हिरवी. पुढे पुन्हा लाल. जणू कोणी दोन डबे जवळ ठेवून, यात बुडव त्यात बुडव करत, एकच रंग मारतोय असं समजून मारत गेलं होतं.

घाईत? घाईतला माणूसही लाल-हिरव्याची गोधडी शिवत नाही. अंधारात? मग ओघळ राहिले असते. इथे ओघळ एकही नव्हता. फटकारे सरळ, मुरलेल्या हाताचे. हात उस्तादाचा होता, फक्त रंग आंधळा होता.

ज्याने हा ट्रॅक्टर लपवून रंगवला त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, तिने प्रायमरच्या डब्यांचे दोरे कापले. चिठ्ठ्या माखलेल्याच होत्या.

“काका, या ओतीव पायाला प्रायमर हवाय. डबा द्या बरं.”

काकांनी पहिलं झाकण उचकटलं, नाक मुरडलं, ठेवलं. दुसरं उघडलं आणि लाल डबा तिच्यापुढे आपटला. “गाठी कुठे गेल्या? तुझ्या बापाने पाहिलं असतं तर शेड डोक्यावर घेतली असती. एकदा एक दोरा तुटला म्हणून दोन दिवस काम बंद ठेवलं होतं त्याने. आठवतं? तू आजारी होतीस.”

ताईला आठवत नव्हतं. पण कापलेला दोरा तिने खिशात टाकला.

धाकट्यालाही तेच सांगितलं. त्याने जवळजवळ न बघताच झाकण उचललं आणि म्हणाला, “हा हिरवा आहे गं, तो दुसरा घे. मला काय परीक्षेला बसवतेस?”

दोघांचे डोळे चोख होते. आता एकच माणूस उरला. ती त्याच्याकडे बावीस वर्षांत गेली नव्हती.

४

फिटरचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. तो कुलपं दुरुस्त करायचा. केस पांढरे, उजव्या हाताला बारीक कंप. तो गुणगुणत नव्हता. ताई उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा त्याने कुलूप खाली ठेवलं नाही.

“या. किल्ली हरवली का?” तो म्हणाला.

ती कडू बोलणी ऐकायची तयारी करून आली होती. या ‘या’ची नव्हती. पूर्वी तो तिला ‘तू’ म्हणायचा.

तिने पिशवीतून पत्र्याचे दोन तुकडे काढले. “याचे रंग सांगा.”

“एवढ्यासाठी आलात?”

“एवढ्यासाठीच.”

“हा तांबडा, हा हिरवा.” त्याने तुकडे परत केले. “डोळे शाबूत आहेत. बाकीचं विचारू नका.”

ती तिथेच, त्याच्या हत्यारांच्या पेटीवर बसली. “तुम्ही चोरला नव्हता.”

“हे मी तेव्हाच सांगितलं होतं. साहेबाकडे बघून नाही, तुमच्याकडे बघून सांगितलं होतं.” त्याने किल्ली कानशीला लावली, एकदा घासली, थांबला. “तुम्ही खोटं बोलला नाहीत, तेच वाईट वाटलं. खोट्याला माणूस शिव्या तरी देऊ शकतो.”

“ट्रॅक्टर सापडलाय.”

“बरं झालं. त्याला तरी कोणी न्यायला आलं.”

ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, “खरं काय ते मी शोधून आणते.”

“कोणासाठी?” त्याने विचारलं. आणि कानस पुन्हा सुरू झाली, कोरडी, सुरावाचून.

परत येताना चौकात सिग्नल लागला. ती गाडी थांबवून उभी राहिली. आणि तिथे, ऐन रहदारीत, तिला बाबा आठवले. ते दिवा कधीच बघायचे नाहीत. शेजारची गाडी हलली की हलायचे. लहानपणी तिला वाटायचं, बाबा किती सभ्य आहेत, दुसऱ्याला आधी जाऊ देतात.

मागून हॉर्न वाजू लागले. दिवा कधीचाच हिरवा झाला होता.

५

मग सगळंच धडाधड उलगडत गेलं, एक टोक सापडलं की पोपडा आख्खा निघतो तसं. बाबा ताटातला कच्चा टोमॅटो पिकलेला समजून खायचे आणि ब्र काढायचे नाहीत. दहा वर्षांच्या मुलीला डबा दाखवून विचारायचे, “सांग बघू, हा कोणता?” आणि तिला वाटायचं आपल्याला शिकवताहेत. गिऱ्हाइकाच्या रंगाशी रंग जुळवायचा तर, “पोरीची नजर तयार होऊ दे,” म्हणून तिलाच पुढे करायचे. गाठी चिठ्ठ्या माखतात म्हणून नव्हत्याच. एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा. ती बाबांच्या बोटांनी वाचायची लिपी होती. भट्टीच्या गोदामात बाहेरून आणलेले दोन डबे होते, आणि त्यांना गाठी मारायला कोणी नव्हतं.

सगळ्या मुलखात ज्यांच्या ट्रॅक्टरचे रंग वाखाणले जायचे त्या मिस्त्रींना जन्मभर लाल-हिरवा दिसलाच नव्हता. त्यांचे डोळे ती होती. आणि डोळे लग्न करून दुसऱ्या गावी निघाले होते.

एवढं कळूनही ती रडली नाही. एक काम उरलं होतं. डाव्या मडगार्डच्या बाहेरच्या अंगाला गंजाचा एक मोठा डाग होता, प्रायमरच्या खालून फुललेला. म्हणजे जखम रंगाच्या आधीची. तिने सोड्याच्या पाण्याची टाकी भरली, मडगार्ड बुडवलं, विजेने गंज सुटावा म्हणून बॅटरी चार्जरच्या तारा जोडल्या. पाणी बारीक बारीक उकळल्यासारखं फसफसू लागलं. संध्याकाळी तिने हातमोजे चढवून पत्रा वर काढला, काळी साय ब्रशने धुतली.

गालावर उठावीत तशी पत्र्यावर पाच बोटं उठली होती.

उघडा हात. घामाने लोखंड खाल्लं होतं, बावीस वर्षं, बारीक बारीक खड्ड्यांनी, आणि तळवा हुबेहूब राहिला होता. शेडमधलं कोणीही असा हात टेकणार नाही; बाबा तर मेले तरी नाही. हा हात शेडचा कायदा माहीत नसलेल्या माणसाचा होता. शेडमध्ये कधीच पाऊल न टाकलेल्या माणसाचा.

तळवा लहान होता. तिने आपला हात वर धरून पाहिला, जवळजवळ बसला. फक्त करंगळी बसली नाही. ठशातली करंगळी बाकीच्या बोटांना सोडून बाहेर वळली होती, रुसल्यासारखी.

ताईने मडगार्ड चादरीत गुंडाळलं आणि घरी निघाली.

६

आई खिडकीपाशी बसून दोरे वळत होती. तिची उजवी करंगळी कधीकाळी दारात चेमटली होती. तेव्हापासून ती तशीच, चारचौघींतून उठून गेलेली. कप धरतानाही ती कपाला लागायची नाही. ताई हे जन्मल्यापासून बघत होती, म्हणून आजवर पाहिलंच नव्हतं.

“लवकर आलीस,” आई म्हणाली. “गाठी संपल्या का? कालच तर दिल्या.”

ताईने चादर सोडली आणि मडगार्ड आईच्या मांडीजवळ ठेवलं.

आईने ठशाकडे पाहिलं. मग दोरा वळणारा हात पदराखाली घेतला.

“बाबांना लाल-हिरवा दिसत नव्हता,” ताई म्हणाली.

“लग्नानंतर आठ दिवसांत कळलं मला.” आईचा आवाज सपाट होता. “गाठी माझ्याच. मीच सुचवल्या.”

“धाकट्याला का नाही सांगितलं? त्याने डबे बघितले असते.”

“त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, आंधळा रंगारी म्हणून. तुझ्या बापाने विहीर जवळ केली असती.”

“म्हणून मला अडकवून ठेवलं. फिटरला चोर ठरवून.” ताई समोर बसली. तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटत होतं. किती हळू येत होता. “तू भट्टीवर गेली होतीस, आई. पत्रा उघडा असताना. रंगाच्या आधी. आणि रंगाच्या वेळी तू नव्हतीस, कारण तू असतीस तर लाल कोणता, हिरवा कोणता, ते सांगितलं असतंस. तू आलीस, हात टेकलास, बघितलंस आणि निघून आलीस. तुला सगळं माहीत होतं. मी साक्ष देऊन आले त्या दिवशी तू मला जेवायला वाढलंस. तो आत गेला. तू गप्प बसलीस. बावीस वर्षं.”

खिडकीतला उजेड तिच्या गुडघ्यांवरून उतरून जमिनीवर गेला.

“बाबांचा मला राग येतो,” ताई म्हणाली, “पण तो येऊन जाईल. भित्रा माणूस होता. त्याने ठरवलं, त्याने केलं. तू नुसती गप्प बसलीस, एवढंच. तेही मी समजून घेईन कधीतरी. पण उद्या सकाळी हा पत्रा घेऊन मी आधी त्यांच्या दुकानात जाणार आणि मग साहेबांकडे. बाबांचं नाव जाईल. जाऊ दे.”

“याला तुझ्या बापाचं नाव लावू नकोस,” आई म्हणाली.

“अजूनही त्यांनाच वाचवतेस?”

“अजूनही नाही. आता पहिल्यांदाच.” आईने पदराखालून हात काढला. तिने तो मडगार्डवर ठेवला, उघडाच, ठशावर. करंगळी आपल्या जागी जाऊन बसली. हात तेव्हापेक्षा आक्रसला होता; कडेने गंजाचे खड्डे बाहेर राहिले.

“चोरीनंतर तीन दिवसांनी मी भट्टीवर जेवणाचा डबा घेऊन गेले होते. ते जमिनीवर बसले होते, रडत होते. म्हणाले, माझ्याच्याने हे व्हायचं नाही, पोरगा चांगला आहे, सोमवारी नेऊन ठेवतो शेडमध्ये, म्हणतो सापडला. तक्रारही दिली नव्हती अजून.” ती थांबली. “मला चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून इथे हात टेकला. मला वाटलं, ही लग्न करून गेली की आता जन्मभर त्यांचे डोळे मीच. त्यांच्यामागे डबे घेऊन. मला कंटाळा आला होता गं.”

“मग सोमवारी का नाही नेला?” ताईने विचारलं.

“ते परत नेणार होते,” आई म्हणाली. “मीच म्हटलं, नका नेऊ.”